पाळी आली म्हणून बॅच बुडवायची?

पॅड लावून पाण्यात उतरायचं नाही. बाकीचं खाली सविस्तर येईलच, पण कुणी घाईत असेल तर एवढं वाचून गेली तरी चालेल.

मला हे वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी आम्ही बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला गेलो होतो. नणंदा, जावा, पोरंबाळं, सगळा गोतावळा. हॉटेलच्या मागं पोहायचा छोटा तलाव. माझा तिसरा दिवस होता. ‘संपतच आलंय आता’ म्हणत नवा पॅड लावला, वर दोन चड्ड्या, त्यावर गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा ड्रेस, आणि उतरले. पाच मिनिटांत तो पॅड चहात बुडवलेल्या पावासारखा फुगला. आणखी थोड्या वेळानं त्याचा डिंक सुटला. पायऱ्या चढून वर येताना तो लगदा मांडीच्या मागून खाली सरकतोय हे मला कळत होतं, आणि हात मागं नेला तर सगळ्यांना कळणार होतं. धाकटी नणंद टॉवेल घेऊन धावली म्हणून निभावलं. गंमत म्हणजे रक्ताचा थेंब कुणाला दिसला नाही. अब्रू गेली ती पॅडनं घालवली.

तसं होण्याचं कारण साधं आहे. पॅडच्या आत जी भुकटी असते तिला रक्त आणि पाणी यातला फरक कळत नाही. समोर येईल ते ती पिते. तलावात उतरताक्षणी ती तलावाचं पाणी पिऊन तट्ट फुगते, मग रक्तासाठी जागाच उरत नाही. घडीच्या कापडाचंही तेच, फक्त ते फुगण्याऐवजी लोंबतं. कर्नाटक सरकारच्या ‘शुचि’ योजनेतून शाळेतल्या मुलींना मिळत आले तेही मुख्यतः पॅडच, घरात आईकडं बघावं तर तिच्याकडंही पॅडच. त्यामुळं आपल्याकडच्या मुलींना पाळी म्हणजे पॅड एवढंच ठाऊक असतं. आणि पॅड पाण्यात चालत नाही म्हटल्यावर पाळीत पोहणंच चालत नाही असा अर्थ निघतो.

पुढं छत्तिसाव्या वर्षी मी उन्हाळ्यात पोहायला शिकायची लेडीज बॅच लावली. फी महिन्याची. त्यातले पाच दिवस पाळीत घरी बसायचं म्हणजे पैसे गेलेच, शिवाय पाण्याची जेमतेम गेलेली भीती सहाव्या दिवशी परत येऊन बसते. नुकतं तरंगायला जमलेल्या बाईला पाच दिवसांची सुट्टी फार महाग पडते. म्हणून हा लेख आहे. जी पोहायला शिकते आहे किंवा शिकणार आहे, आणि जिला पाळीत आत घालायचा टॅम्पॉन किंवा कप यातलं काहीच हाताळायची सवय नाही, तिच्यासाठी.

डोक्यातलं आधी गाळून घ्या

बॅचमध्ये शहापूरच्या एक काकू होत्या, साठीला आलेल्या, पाय मारण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढं. त्या म्हणायच्या, “पाण्यात थांबतंय म्हणून सांगतात गे सगळी. थांबतंय कुठलं! बाहेर आलीस की कळतंय.” काकूंचं बरोबर होतं. पाण्यात पाळी थांबत नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब असतो, त्यामुळं स्राव बाहेर येणं कमी झाल्यासारखं वाटतं एवढंच. जोरात खोकला आला, खळखळून हसलात, तर थोडं येऊही शकतं. पायऱ्या चढून वर आलात की दाब गेला, आणि शरीर आपलं काम पुन्हा सुरू करतं. म्हणून ‘पाण्यात काही लागत नाही’ या भरवशावर काहीच न वापरता उतरणं हा जुगार आहे, तोही नेमका वर येताना हरायचा.

‘तलाव खराब होतो’ ही दुसरी शंका. हिशेब करून बघा. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी मावतं. एका अख्ख्या पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, तेही चार-पाच दिवसांत मिळून. तुम्ही पाण्यात असणार तास-पाऊण तास, आणि त्यातही आत काहीतरी घातलेलं असणार. तलावात क्लोरीन टाकतात ते असल्याच गोष्टींसाठी. खरं सांगायचं तर तलावावर नाकाला झोंबणारा जो वास येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा तो वास. तेव्हा शॉवर न घेता धावत येऊन उडी मारणाऱ्या गड्यांनी तलाव जास्त बिघडतो, तुमच्या पाळीनं नाही.

‘पोटात गार बसतं’, ‘गर्भाशयात पाणी शिरतं’ हे आमच्या आजीचं. पाणी असं आत चढत नाही. पाळीत पोट दुखतं ते गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून, आणि त्यामागं प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं असतात. हलका व्यायाम केला की बऱ्याच जणींना उलट आराम पडतो. पण बेळगावची पहाट थंड असते हेही खरं. जानेवारीत सहाच्या बॅचला पाण्यात पाय घातला की अख्खं अंग आखडतं, पाळी असो वा नसो. पहिल्या दिवशी पोटात कळा येत असतील तर त्या थंडीत उतरण्यात शहाणपणा नाही. दुपारची बॅच असेल तर ती बघा.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिलेच्या शर्यतीनंतर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सहज बोलून गेली होती, कालच पाळी आली म्हणून आज थकवा होता. तिच्या देशातल्या कितीतरी लोकांना तेव्हा प्रश्न पडला होता की पाळीत ही पाण्यात उतरलीच कशी. म्हणजे हा प्रश्न काही बेळगाव-खानापूरचाच नाही.

आता शिवाशिवीचं. आपण ‘कावळा शिवला’ म्हणतो, ‘कडेला बसली’ म्हणतो. कन्नडमध्ये पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा सरळ अर्थ ‘स्पर्श’. फलकावर कुठली भाषा पाहिजे यावरून इथं इतकी वर्षं भांडण चाललंय, पण बाईला शिवायचं नाही या एका मुद्द्यावर दोन्ही भाषांचं कसं छान जमलंय बघा. माझं म्हणणं एवढंच, की तलावाच्या नियमांच्या फलकावर उघडी जखम, त्वचेचा आजार असलं काही लिहिलेलं असतं. पाळी ही जखम नव्हे आणि आजारही नव्हे. कुणाला विचारायला जाऊ नका, कुणाला सांगायचीही गरज नाही.

पाण्यासाठी काय वापरायचं

तीन पर्याय आहेत. कप, टॅम्पॉन आणि पाळीसाठी मिळणारा खास पोहण्याचा ड्रेस.

ड्रेसचं थोडक्यात सांगते. त्याच्या चड्डीत शोषून घेणारा थर असतो. शेवटच्या दिवशी, नुसते डाग पडतात तेव्हा तो पुरतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या भरवशावर उतराल तर फसाल. शिवाय महाग.

टॅम्पॉन म्हणजे बोटाएवढी घट्ट गुंडाळलेली कापसाची वळी, तिला खाली दोरा. योनीमार्गात बसवायची, दोरा बाहेर ठेवायचा. बेळगावात गल्लीतल्या मेडिकलमध्ये मागितलं तर बहुतेक वेळा पोरगा पॅडचाच पुडा कागदात गुंडाळायला घेतो. मोठ्या दुकानात मिळून जातं, नाहीतर ऑनलाइन मागवा. खोक्यावर थेंबांची चित्रं असतात. थेंब जितके जास्त तितकी शोषण्याची ताकद जास्त. नवशिकीनं सगळ्यात कमी थेंबांचा घ्यावा. मोठा घेतला म्हणजे जास्त सुरक्षित असं नसतं. पुरेसा भिजला नाही तर काढताना कोरडा ओढला जातो आणि जाम दुखतं.

टॅम्पॉनची एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळायची. चार ते आठ तासांत तो काढायचा, आठच्या वर कधीच जायचं नाही. फार वेळ आत राहिला तर क्वचित टॉक्सिक शॉक सिंड्रोम होतो, म्हणजे जिवाणूंचं विष रक्तात भिनतं. एकदम जोराचा ताप, उलट्या-जुलाब, उन्हानं भाजल्यासारखं अंगावर लाल पुरळ, चक्कर. असं काही झालं तर टॅम्पॉन लगेच काढायचा, थेट दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना ‘टॅम्पॉन वापरला होता’ असं तोंडानं सांगायचं. लाजून ते एक वाक्य गिळू नका. हे फार दुर्मिळ आहे, पण माहीत असलेलं बरं.

कप माझा आवडता आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिणार, हे आधीच कबूल करते. घंटेच्या आकाराचा मऊ सिलिकॉनचा छोटा पेला, बुडाला छोटी शेंडी. तो काही शोषत नाही, नुसतं साठवतो. त्यामुळं तलावाचं पाणी पिऊन फुगण्याचा प्रश्नच नाही, बाहेर दोराही लोंबत नाही. बारा तासांपर्यंत ठेवता येतो. ३००-४०० रुपयांपासून मिळतो आणि नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो. ही काही परवाची टूम नाही. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन बाईनं १९३७ मध्येच कपचं पेटंट घेतलं होतं. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात कपमधून गळती पॅड-टॅम्पॉनएवढीच किंवा त्याहून कमी असल्याचं दिसलं. मात्र हात बसायला दोन-चार पाळ्या जातात हेही त्यात होतं, आणि माझा अनुभवही तोच.

आकार निवडताना लोक वय विचारतात, बाळंतपण विचारतात. त्यापेक्षा उपयोगी युक्ती म्हणजे पाळीत स्वच्छ हातानं मधलं बोट आत घालून बघा. नाकाच्या शेंड्यासारखं टणक काही लागतं ते गर्भाशयाचं मुख. एका पेरावर लागलं तर आखूड कप घ्या, दोन-तीन पेरं आत गेल्यावर लागलं तर नेहमीचा चालेल. तांबी बसवली असेल तर कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण कप ओढताना तांबीचा दोरा ओढला जाऊ शकतो.

लग्नाआधी चालतं का?

हा प्रश्न मला तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत हळू आवाजात जितक्या वेळा विचारला गेलाय तितका दुसरा कुठलाच नाही. विचारणाऱ्या मुली, आणि त्यांच्याहून जास्त मुलींच्या आया.

योनीमुखाशी असलेला पडदा म्हणजे डबीचं झाकण नव्हे. तो लवचीक पापुद्रा असतो आणि त्याला वाट असतेच. नसती तर पाळीचं रक्त बाहेर आलं कुठून असतं? कप किंवा टॅम्पॉननं तो ताणला जाऊ शकतो, एखादीचा थोडा फाटूही शकतो, जसा तो सायकल चालवताना, उड्या मारतानाही ताणला जातो. कुणाकुणाचा जन्मापासूनच जेमतेम असतो. तो बघून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. वैद्यकीयदृष्ट्या कुमारिका असलेल्या मुलीनं कप किंवा टॅम्पॉन वापरायला हरकत नाही, लहान आकाराचा घ्यावा एवढंच.

पण आयांनो, मुलीचं मन नसेल तर ढकलू नका. आत काही घालायची कल्पनाच तिला नकोशी वाटत असेल तर पहिले दोन-तीन दिवस सुट्टी, आणि शेवटी डाग पडायला लागले की तो खास ड्रेस. पाळीत पोहता येतं म्हणून पोहलंच पाहिजे, असा नियम कुणी केलेला नाही.

घरच्या मोरीत सराव

जी चूक सगळ्याजणी करतात ती अशी. कप किंवा टॅम्पॉनचं खोकं थेट तलावावर नेऊन उघडतात. बाहेर बॅच सुरू व्हायला दहा मिनिटं, दारावर दुसरी थापा मारतेय, कडी नीट लागत नाहीये, हातात तो माहितीपत्रकाचा कागद. अशा वेळी अंग इतकं आवळलेलं असतं की करंगळीसुद्धा आत जाणार नाही. पहिला प्रयोग घरी करायचा, सुट्टीच्या दिवशी, आणि तोही पाळीतच. कोरड्या दिवशी घासल्यासारखं होतं.

नखं कापा. हात साबणानं धुवा. नवा कप असेल तर पाच मिनिटं पाण्यात उकळून घ्या आणि गार होऊ द्या. मोरीत बादली पालथी घाला आणि तिच्यावर एक पाय ठेवा, किंवा सरळ उकिडव्या बसा. भारतीय संडासाची सवय असलेल्या बाईला ही बैठक उलट सोपी जाते. कप पाण्यानं ओला करा. हवं तर पाण्याचा बेस असलेलं जेल लावा, खोबरेल तेल नको.

मग घडी. कपाची कड एका बोटानं आत दाबायची, म्हणजे तो कळीसारखा निमुळता होतो. नवशिकीला हीच घडी सोपी. घडी बोटांत घट्ट धरून आत सरकवायचा, पण सरळ वर नाही, कमरेच्या मागच्या बाजूला, माकडहाडाकडं. निम्म्याजणी इथंच अडतात. वरच्या दिशेला ढकलत राहतात आणि मग ‘माझ्यात बसतच नाही’ म्हणून सोडून देतात. दिशा बदलली की जातो. आत गेल्यावर घडी सोडली की तो उघडतो, कधी कधी फट्‌ असा जाणवतोसुद्धा. मग बुडाच्या कडेनं बोट फिरवून बघा. चुणी, खोच लागली तर कप थोडा गोल फिरवा. हलकेच खाली ओढून बघितल्यावर थोडा विरोध झाला की पकड बसली समजा. नीट बसलेला कप जाणवत नाही. शेंडी टोचत असेल तर कप बाहेर काढून ती थोडी कापा, आत असताना नाही.

मला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. घामाघूम झाले. शेवटी बाहेरून नवऱ्यानं विचारलं, “पडलीबिडलीस काय गे?” आता वीस सेकंद लागतात.

काढताना घाबरायचं नाही, कारण तो आत कुठं हरवत नाही. योनीमार्ग पुढं बंद असतो, पोटात जायला वाटच नाही. उकिडवं बसायचं, थोडं कुंथायचं, म्हणजे कप खाली येतो. शेंडी धरून ओढायची नाही. बूड दोन बोटांत चिमटायचं, हवा शिरून पकड सुटली की हळू काढायचा, ओतायचा, धुवायचा, परत घालायचा.

टॅम्पॉनचंही तेच. दिशा माकडहाडाकडं, बोट जाईल तितका आत. बसल्यावर टोचत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही, काढून नवा घाला. दोरा बाहेर आहे ना बघा.

आणि तीन-चार पाळ्यांत खूप प्रयत्न करूनही जमत नसेल, दर वेळी कळ येत असेल, तर जोर लावू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यामागं कारण असू शकतं आणि त्यावर उपायही असतो.

तलावावर जायच्या दिवशी

निघायच्या आधी घरीच कप रिकामा करून घाला. टॅम्पॉन असेल तर उतरायच्या अगदी थोडं आधी घाला. पिशवीत जास्तीचा टॅम्पॉन, घरी परतताना लावायला एक पॅड, गडद रंगाचा टॉवेल, सुकी चड्डी, कागदी पिशवी आणि पाण्याची बाटली. बाटली पिण्यासाठी नाही, संडासातल्या नळाला पाणी नसलं तर हात धुण्यासाठी. एवढं कानडी शिकून ठेवलेलं बरं: तलावावरच्या मावशी कानडी असतील तर “टॉयलेट एल्लैति?” आणि “नीर ऐतेनु?” म्हणजे टॉयलेट कुठं आहे आणि पाणी आहे का. “लेडीज बॅच एष्टु गंटेगे?” हे आधी फोनवरच विचारून घ्या. या तीन वाक्यांवर माझा अख्खा उन्हाळा निघाला.

ड्रेस काळा किंवा गडद निळा, नायलॉन-लायक्राचा. आत चड्डी शिवलेला मिळतो तो उत्तम. सुती लेगिन आणि टी-शर्ट घालून येणाऱ्यांना तलावावर अडवतात ते काही उगाच नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात.

पोटात दुखत असेल तर नेहमी जी गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल ती, काहीतरी खाऊन, तासभर आधी. मैत्रिणीची गोळी उसनी घेऊ नका. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या आपल्याकडं चणे-फुटाण्यासारख्या खातात, पण २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं त्यांच्या एका दुर्मिळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल डॉक्टरांना आणि रुग्णांना सावध केलं होतं.

पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्या. टॅम्पॉनचा दोरा ड्रेसच्या आत नीट खोचा. उतरल्यावर पहिली दोन मिनिटं कठडा धरून नुसतं उभं राहा, कारण तुमचं अर्धं लक्ष ‘काही दिसतंय का’ याच्याकडंच असणार. ते थोड्या वेळानं जातं. मला पहिल्यांदा दर पाच मिनिटांनी मागं वळून पाणी बघायची सवय लागली होती, शेवटी काकू ओरडल्या, “काय हुडकाल्यास गे, कानातलं पडलं व्हय?” पाय मारा, तरंगा, सूर मारा, कप सुटून येत नाही. फक्त शिकवणारी बाई असेल तर तिला एवढं सांगून ठेवा की मध्येच उठून जावं लागेल. कारण विचारत नाहीत.

बाहेर आल्यावर ‘थोडं बसू’ म्हणून ओल्या ड्रेसवर गप्पा मारत बसू नका. टॅम्पॉन लगेच काढायचा, कारण दोरा भिजून पाणी वर चढलेलं असतं. कप असेल तर घरी जाऊन रिकामा केला तरी चालतो. क्वचित आत शिरलेलं तलावाचं थोडं पाणी नंतर गळतं, त्याला रक्त समजून घाबरू नका. स्वच्छ पाण्यानं अंघोळ, कोरडे सुती कपडे. ओला लायक्रा तासभर अंगावर राहिला की खाज आणि बुरशी तिथूनच सुरू होते. वापरलेला टॅम्पॉन कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, संडासात कधीच नाही. घरी कचरागाडीला देतानाही वेगळा गुंडाळून द्या. तो कचरा शेवटी कुणीतरी हातानंच निवडत असतं.

विहीर, नदी, धबधबा

येळ्ळूर-उचगावकडं, खानापूर तालुक्यात, निपाणी-चिकोडीच्या मळ्यांत अजून पोरी विहिरीतच पवायला शिकतात. कमरेला डबा बांधून, काठावर बाबा किंवा काका उभे. तिथं क्लोरीन नाही, आणि पाण्यात काय काय आहे ते कुणी तपासलेलं नाही. टॅम्पॉन ते पाणी थोडंफार शोषतो, म्हणून अशा पाण्यात कपच बरा. विहिरीला संडास जोडलेला नसतो, तेव्हा सगळं घरीच आटोपून जायचं. ज्या विहिरीचं पाणी प्यायला किंवा देवाला नेतात तिथं मी मात्र उतरत नाही, पाळी असो नसो. पिण्याच्या पाण्यात कुणीच पोहू नये.

नदीचं भय वेगळं. पावसाळ्यात मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा फुगलेल्या असतात तेव्हा काठालासुद्धा जाऊ नका. अथणी-रायबाग-चिकोडीकडं कृष्णेत मगरी आहेत. त्यांना तुमच्या तारखेशी काही देणंघेणं नाही, म्हणून कुठल्याच तारखेला उतरू नका. आणि विहीर असो की नदी, एकटीनं कधीच नाही.

कधी जायचं नाही

चक्कर येत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, ताप असेल, तर पाण्यात जायचं नाही. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर पाळी चालत असेल, तर ती पोहण्याची नव्हे, डॉक्टरांकडं जायची वेळ आहे. रक्तातलं लोह तपासून घ्या. एका पाळीत ८० मिलीच्या वर रक्त जाणं हे जास्तच मानतात. हे मोजायचं कसं, तर बऱ्याच कपांवर खुणा असतात. मला स्वतःला ते कप आल्यावरच कळलं, त्याआधी वीस वर्षं मी ‘माझं जास्तच असतं’ एवढंच म्हणत होते.

पाळी संपली की कप पुन्हा पाच मिनिटं उकळायचा आणि हवा लागेल अशा सुती पिशवीत ठेवायचा. हवाबंद डब्यात नको. उकळायला मी एक जुनं स्टीलचं पातेलं बाजूला काढलंय. चुकून कुणी त्यात चहा करू नये म्हणून कानाला लाल दोरा बांधला. एके दिवशी सासूबाईंनी तो दोरा पाहिला आणि विचारलं, यात काय शिजवतेस. आता लपवून उपयोग नव्हता, सांगून टाकलं. त्यांनी गॅसवरच्या पातेल्यात वाकून बघितलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग झाकण घाल की वर. उगं गॅस जाळत बसलीस.”